‘कुंकू’चे दुसरे दर्शन

‘प्रभात’चा ‘कुंकू’ हा १९३७ चा बोलपट मालवणच्या रसिकासही आता घरबसल्या तबकडीवर पुनःपुन्हा पाहता येतो. अशा तबकड्यांचा संग्रह करणारे पुष्कळ. पाहिलेल्या बोलपटावर वाद घालणारे थोडे. आमच्या मते संग्रहाची खरी किंमत दुसऱ्या दर्शनात आहे.

नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा बोलपट रचला, आणि जरठ-कुमारी विवाहावरील घाव म्हणून तो गाजला. प्रथम पाहताना शांता आपटे यांच्या नीरेचे तेजच डोळ्यांत भरते. दुसऱ्यांदा कान जागे होतात: पार्श्वसंगीताचा आधार नाही, भोवतालचे स्वाभाविक आवाजच प्रसंग तोलून धरतात! मग शेवट मात्र खटकू लागतो. केशवराव दाते यांचे काकासाहेब प्राणत्याग करून नीरेस मोकळी करतात. इतका वेळ एकटी झुंजलेल्या स्त्रीची सुटका अखेर पतीच्याच औदार्याने व्हावी, हे आम्हांस पटत नाही. चित्रगृहातील अश्रूंत ही उणीव बुडून जाते.

दशावतारातील संभाषणे उत्स्फूर्त. कालचा प्रयोग आज जसाच्या तसा मिळत नाही. तरी जत्रेनंतर त्यावर या किनाऱ्यावर वाद रंगतातच. त्याच घरांत ‘कुंकू’ कपाटात मुका पडावा काय? शिवाय येथील दमट हवेत जुन्या चित्रफितींस बुरशी धरते, हे निराळेच. संग्राहकाने चार शेजाऱ्यांस बोलावावे, शेवटाआधी बोलपट थांबवावा आणि नीरेने पुढे काय करावे, हे त्यांस विचारावे.