विज्ञानाच्या पाठातील प्रश्न आणि पडदा

प्रारंभिक शाळेतील विज्ञानाच्या अध्यापनासाठी समस्याप्रधान पद्धती आणि दृक्‌श्राव्य साधने हे दोन उपाय बहुधा एका दमात सुचविले जातात. जणू ते परस्परांस पूरकच असावयाचे. वस्तुतः त्यांच्यात एक स्वाभाविक विरोध आहे. उत्तर हाती येईपर्यंतच समस्या ही समस्या असते, आणि चित्रपटाचा ओढा मात्र सर्व काही दाखवून मोकळे होण्याकडे असतो.

मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेला आणि २००२ मध्ये शासनाने बंद केलेला विज्ञानशिक्षणाचा उपक्रम पहिल्या उपायाचे ठळक उदाहरण होय. सहावी ते आठवीसाठी रचलेली त्यातील 'बाल वैज्ञानिक' ही पुस्तके कृती सांगतात, नोंदी करावयास लावतात आणि निष्कर्ष विद्यार्थ्यावर सोपवितात. परीक्षेतही पुस्तक उघडण्याची मुभा होती. पाठांतराची उपयुक्तताच त्यामुळे संपली. दुसऱ्या उपायाचे मोठे उदाहरण १९७५-७६ चा उपग्रह-दूरचित्रवाणी प्रयोग. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत तो पोचला. परंतु चालू प्रक्षेपण थांबवून वर्गास काही विचारण्याची सोय शिक्षकास नव्हती.

हा विरोध कोठे बोचतो हे मेणबत्तीच्या परिचित प्रयोगात दिसते. बशीत पाणी घेऊन पेटती मेणबत्ती उभी करावयाची व तीवर पेला उपडा ठेवावयाचा. मेणबत्ती विझते, पाणी पेल्यात चढते. प्राणवायू जळून गेला व त्याची जागा पाण्याने घेतली, हे त्याचे प्रचलित स्पष्टीकरण. ते सुबक आहे, आणि चुकीचे आहे. ज्योत तेवत असताना पाणी फारसे चढत नाही. विझल्यानंतर झपाट्याने चढते. ज्योतीमुळे तापून प्रसरण पावलेल्या हवेचा काही भाग पेला टेकविताना निसटून जातो, कडेने बुडबुडेही दिसतात. उरलेली हवा निवाली की आकुंचन पावते. त्याच पेल्याखाली तीन मेणबत्त्या लावल्यास पाणी अधिक चढते. पेल्यातील प्राणवायू तर तेवढाच असतो!

मराठी पाठात हा घोटाळा एका प्रत्ययाच्या आड दडतो. 'मेणबत्ती विझल्यावर पाणी चढले' हे निरीक्षण आहे. 'प्राणवायू संपल्यामुळे पाणी चढले' हे अनुमान आहे. पडद्यामागील निवेदक दोन्ही वाक्ये एकाच सुरात उच्चारतो, आणि ऐकणाऱ्यास कालक्रम व कार्यकारणभाव यांतील अंतर जाणवतही नाही. 'पाणी का चढले?' हा शिक्षकाचा आवडता प्रश्नही येथे फारसा उपयोगी नाही. मराठीतील 'का' कारण विचारतो तसा हेतूही विचारतो. 'रिकामी जागा भरण्यासाठी' हे मुलाचे उत्तर व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोषच ठरते. 'पाणी केव्हा चढले?' हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण पाठ्यपुस्तकातील स्पष्टीकरण त्यानेच उघडे पडते.

होशंगाबादच्या उपक्रमात काम केलेले अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे छोटे चित्रपट प्रसिद्ध केले. ते मराठीतही आहेत. त्यांत हातांची हालचाल स्वच्छ दिसते, साहित्य कोणत्याही घरी सापडते. हे गुण दुर्मिळ आहेत. तथापि त्यांतील खेळणे अखेरीस चालतेच. जे चालले नाही त्याचे काय करावे, हा खरा समस्येचा भाग शिक्षकाकडेच राहतो, आणि अप्रशिक्षित शिक्षकाची उणीव कोणताही चित्रपट भरून काढीत नाही.

म्हणून मेणबत्तीचा चित्रपट वर्गात दाखवावयाचा झाल्यास निवेदन बंद ठेवावे. ज्योत मालवण्याच्या क्षणी चित्र थांबवावे, पाण्याची पातळी फळ्यावर नोंदवावी, मग पुढे चालू करावे. १९७५ मध्ये अशक्य असलेली ही गोष्ट आज साध्या भ्रमणध्वनीवरही साधते. तीन मेणबत्त्यांचा भाग मात्र पडद्यावर मुळीच दाखवू नये; तो वर्गातच करावा, आणि करण्यापूर्वी पाणी कोठवर चढेल याची खूण प्रत्येक विद्यार्थ्याने पेल्यावर करून ठेवावी.