नमुन्याची सही

चित्रकलेतले मला ओ की ठो कळत नाही. पण वीसेक वर्षे बँकेत बसून चेकवरची सही नमुन्याच्या सहीशी ताडून पाहतो आहे. तेवढ्याच भांडवलावर यान मातेइको या पोलिश चित्रकाराविषयी चार शब्द लिहायचे धाडस करतो.

मातेइकोने १८९२ साली तैलरंगात स्वतःचे चित्र काढले. पोलिश चित्रकारांची आत्मचित्रे जमवायचा नाद असलेल्या कोर्विन-मिलेव्स्की नावाच्या धनिकासाठी. चौपन्नाव्या वर्षीचे मातेइको खुर्चीत बसले आहेत. पुढच्याच वर्षी ते गेले. चित्र उत्तम आहे, शंकाच नाही. पण शाळेच्या ग्रुप फोटोत मधोमध बसलेल्या हेडमास्तरांसारखे ते, आपण चित्रात बसलो आहोत हे क्षणभरही विसरत नाहीत. आता, ती ऐट त्यांना शोभते म्हणा! पोलंड तेव्हा नकाशावरच नव्हते. तीन साम्राज्यांनी वाटून घेतले होते. त्या नसलेल्या देशाचा इतिहास या गृहस्थाने रंगवून ठेवला. ग्रुनवाल्डच्या लढाईचे एकच चित्र जवळजवळ दहा मीटर लांब!

तरी नमुन्याची सही म्हणून मी दुसरेच चित्र फाइलला लावीन. १८६२ सालचे, ‘स्तांचिक’. पलीकडे राणी बोनाच्या दरबारात नाच रंगला आहे. अलीकडच्या खोलीत दरबारचा विदूषक लाल पोशाखात एकटाच खुर्चीत बसला आहे. हात एकमेकांत गुंतवलेले, काठी जमिनीवर पडलेली. टेबलावर पत्र आहे : स्मोलेन्स्क हातचे गेले. खिडकीबाहेर धूमकेतू. आणि या विदूषकाला चेहरा दिलाय मातेइकोने स्वतःचा! वय तेव्हा जेमतेम चोवीस.

कारकुनी नजरेला एक घोळ लगेच दिसतो. स्मोलेन्स्क गेले १५१४ साली आणि बोनाबाई लग्न होऊन पोलंडात आल्या १५१८ साली. आमच्याकडे चार महिन्यांचा शिळा चेकसुद्धा परत जातो, इथे तर चार वर्षे! पण हा चेक मी डोळे मिटून वटवला असता. क्राकूवच्या कलामंडळाने मात्र हे चित्र चक्क सोडतीत बक्षीस म्हणून देऊन टाकले. असो.

माझा जीव त्या खुर्चीत अडकलाय, त्याला कारण आहे. एकदा वडिलांचा डॉक्टरी रिपोर्ट खिशात ठेवून मी एका स्नेहसंमेलनात अर्धा तास हशा पिकवला होता. ‘आणखी एक होऊ द्या हो!’ असा पुकारा चालला होता. मी आत आलो आणि विंगेतल्या मोडक्या खुर्चीत बसून राहिलो. तेव्हा मी कसा दिसत असेन, ते या चित्रावरून कळले. धूमकेतू तेवढा नव्हता. खिडकीबाहेर जेवणाची पातेली घासणे चालले होते.