भरतीचे वर्णन, ओहोटीचे मौन

गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' (1863) आपण जुन्या मुंबईची गंमत म्हणून वाचतो. हे वाचन अपुरे आहे, असे मला वाटते. छापले गेले ते वर्ष ध्यानात घेतल्याशिवाय या ग्रंथाचे खरे मोल कळत नाही.

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. ही लाट आपल्या भागापर्यंतही पोचली. धारवाडकडे अमेरिकन वाणाचा कापूस आधीपासून पिकत होता. तो समुद्रापर्यंत न्यायचा म्हणून कारवार बंदराला महत्त्व आले आणि 1862 साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यात घातला गेला. सरहद्दी कापसाच्या गाठींसाठीही सरकतात, हे सीमाभागातल्या वाचकाने टिपून ठेवावे.

माडगांवकर जन्माने मडगावचे. परगावाहून आलेल्या माणसाची शोधक नजर त्यांच्यापाशी आहे. जाती, धंदे, बाजार, इमारती ते हौसेने टिपतात. पण त्यांचे शहर भरतीच्या वेळचे आहे. ओहोटी 1865 साली लागली आणि त्याच साली ग्रंथकार वारले. म्हणूनच या ग्रंथाशेजारी दिनशा वाच्छा यांचे मुंबईच्या सट्टेबाजीवरचे 1910 सालचे इंग्रजी पुस्तक ठेवावे.

समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्यांचे वेड वाच्छा आपल्यापुढे उभे करतात. बॅकबे कंपनीचा 5,000 रुपयांचा भाग 50,000 च्या घरात गेला होता. म्हणजे परमुलखातल्या लढाईने आधी कापूस महागला आणि मग जागा, तीही अजून पाण्याखाली असलेली! एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेच्या सेनापतीने शस्त्रे खाली ठेवली, 1 जुलैला सौदे चुकते करण्याचा दिवस उजाडला आणि पेढ्या बसल्या. जुनी बँक ऑफ बॉम्बेही 1868 साली गुंडाळावी लागली.

वाच्छांवर माझा आक्षेप एकच. त्यांच्या पुस्तकात शेठ, दलाल आणि बँका पुढे आहेत. खोलीचे भाडे भरणारा हमाल आणि गवंडी मागेच राहतात. 1864 च्या शिरगणतीत मुंबईत 8,16,562 माणसे होती, 1872 साली 6,44,405. ही सारी घट कापसाच्या माथी मारता येणार नाही. तरी भराव थांबला, बांधकाम थांबले, तेव्हा ही माणसे आणि त्यांची बिऱ्हाडे कुठे गेली, हे विचारायलाच हवे.

ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी 2013 साली अमेरिकेबद्दल असाच प्रश्न विचारला. चिनी मालाने ज्या भागांतले कारखाने खाल्ले, तिथली कामे गेली. पण माणसे फारशी हलली नाहीत. मालाला जहाज मिळते, माणसाचा पाय घरात अडकलेला असतो. मुंबईच्या कित्येक मजुरांना कोकणात, देशावर गावचे घर तरी होते. त्या घराने शहराची मंदी पोटात घेतली, असे मानायला जागा आहे.

भरतीचे वर्णन मराठीला 1863 सालीच मिळाले. ओहोटीचे वर्णन शेठजींच्या खतावणीत सापडायचे नाही. ते भाडेपावत्यांत आणि गावी आलेल्या पत्रांत शोधावे लागेल, आणि अशी पत्रे आपल्यासारख्यांच्याच माळ्यावर असतात.