अंतूशेटचा रकाना

अमेरिकेत ‘ऑडी’ नावाचे पुरस्कार आहेत. ध्वनिपुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांची तिथली संघटना १९९६ पासून ते देते. पुरस्कार म्हटला की रकाने आलेच. विनोदी पुस्तकांचा वेगळा, लेखकाने स्वतः वाचलेल्याचा वेगळा, साहित्यिक कादंबऱ्या आणि अभिजात पुस्तकांचा आणखी वेगळा. ती यादी बघताना मनात आलं, की पु. ल. देशपांड्यांचा ‘अंतू बर्वा’ तिथे पाठवायचा झाला, म्हणजे छापलेला नव्हे, त्यांच्या आवाजातला, तर अर्ज कुठल्या रकान्यात भरायचा? बहुतेक जण न विचारता सांगतील: विनोदी. मला ते पटत नाही.

छापील अंतू बर्व्याला मान मिळालेला आहे. ज्या ‘व्यक्ती आणि वल्ली’त तो आहे, त्या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण आमच्या भागातल्या कितीतरी माणसांनी ते पुस्तक हातात धरलेलं नाही आणि अंतूशेट मात्र त्यांना पाठ आहे. आमचा भाग म्हणजे मुंबईतलं कॉटन ग्रीन. कुलाब्याचा कापूस बाजार १९२० च्या दशकात इथे हलला आणि स्टेशनाला नाव देऊन गेला. रुळांच्या पूर्वेला गाठींची गोदामं, पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगर आणि गिरण्यांत राबणारा कोकणी चाकरमानी. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आणि त्यानंतरच्या पडत्या वर्षांतही चाळीत कुणाकडे तरी दुबईहून आलेला टेपरेकॉर्डर असायचाच. कथाकथनाच्या कॅसेटी त्याच काळात घरोघर फिरल्या, एकाच्या दोन करून, दोनाच्या चार करून. चौथ्या प्रतीत खरखर आवाजापेक्षा मोठी असे.

यात एक गंमत आहे. अंतूची बोली काही काळाचौकीची नव्हे. तो रत्नागिरीच्या मधल्या आळीतला ब्राह्मण. इथला चाकरमानी कुडाळ-मालवणचा नाहीतर राजापूर-लांज्याकडचा, भंडारी, मराठा, गाबीत, महार. अंतू नाकातून बोलतो तसं याच्या घरात कुणी बोलत नाही. तरी तो हसायचा आणि म्हणायचा, आमच्या गावात असलाच एक आहे. कुठलीही बोली घेतली तरी तिरकं बोलून दुःख झाकणारा म्हातारा कोकणात गावागणिक सापडतो, हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

आता जरा नीट ऐकू. या ध्वनिफितीत प्रामुख्याने दोनच आवाज आहेत. एक अंतूचा, दुसरा सांगणाऱ्याचा. अंतूच्या आवाजाचं कौतुक सगळेच करतात. खरी कारागिरी दुसऱ्या आवाजात आहे. पत्नी सुनीताबाईंचं माहेर रत्नागिरीचं, म्हणजे पु. ल. गावचे जावई. सांगणाऱ्याचा आवाज जावयाचाच आहे: मऊ, शहरी, थोडा अवघडलेला. सासुरवाडीच्या म्हाताऱ्याला उलट बोलायचं नसतं. म्हणून अंतूच्या प्रत्येक टोल्यानंतर समोरून जवळजवळ काहीच येत नाही, आणि तो टोला हवेत राहतो. नकला करणारे पुष्कळ असतात. मार खाणारा आवाज इतका नेमका काढणारा मी तरी दुसरा ऐकला नाही.

विजेचा प्रसंग घ्या. रत्नागिरीत वीज आलेली, सगळीकडे तिची चर्चा. अंतूला त्याचं काही नाही. उजेड पडून दिसायचं काय, तर घरातलं दारिद्र्य. ते अंधारात आहे तेच बरं, असा त्याचा सूर. कागदावर हे वाचलं की आपण क्षणभर थांबतो, वाक्याची धार लागते. पु. ल. मात्र ते सांगताना थांबतच नाहीत. हवापाण्याच्या गप्पांच्या ओघात अंतू ते बोलून जातो आणि प्रेक्षकांत हशा उठतो. हशा विरत आला की मग कळतं आपण कशाला हसलो. वाचणाऱ्याने ‘हे बघा, किती करुण’ म्हणून स्वर जड केला असता तर सगळं संपलं असतं. रेडिओवर नोकरी केलेल्या माणसाला माहीत असतं, की श्रोत्याच्या कानाशी बोलताना ओरडावं लागत नाही आणि रडावं तर त्याहून लागत नाही.

दुसरी जागा बायकोची. ती गेली त्यानंतर दारचा हापूस मोहरला नाही, असं अंतू सांगतो. इथे आवाज बदलत नाही. नाकातला हेल तोच, तिरकसपणाचा ढंगही बराचसा तोच. बदलते ती गती. आतापर्यंत शब्दावर शब्द चढत होते, ते आता सुटे पडायला लागतात. सभागृहही गप्प होतं, आणि ही ध्वनिफीत प्रेक्षकांसमोरची असल्यामुळे ती शांतता आपल्याला ऐकू येते. निर्जंतुक स्टुडिओत ती मिळत नाही. तिथे सगळीच शांतता असते.

२०१८ साली ऑडीचा सर्वोच्च मान जॉर्ज सॉन्डर्स यांच्या ‘लिंकन इन द बार्डो’ला मिळाला. त्या एका कादंबरीसाठी १६६ आवाज वापरले होते. कादंबरीच स्मशानातल्या भुतांच्या कोलाहलाची, तेव्हा ते शोभलंही. मराठीची परंपरा मात्र उलट दिशेची आहे. कीर्तनकार एकटाच उभा राहून राजा, राणी, प्रधान, देव सगळं होतो. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करत फिरले तेव्हा त्यांच्याकडेही एक ध्वनिक्षेपक आणि एक पाण्याचा पेला, एवढाच सरंजाम. पु. ल. त्याच वाटेवरचे, फक्त हार्मोनियमचा कान असलेले. सूर कुठे धरायचा आणि भाता कुठे सोडायचा हे त्यांना वाद्याने शिकवलं असावं, असं मला वाटतं.

२०१७ च्या नोव्हेंबरात स्वीडनचं स्टोरीटेल मराठीत आलं आणि नट, निवेदक पुस्तकं वाचू लागले. चांगली वाचतात. उच्चार स्वच्छ, श्वास कापलेला, पार्श्वसंगीत बेताचं. हार्बरच्या डब्यात वडाळ्यापर्यंत उभ्याने जाताना कानात घातलं की बरं वाटतं. तक्रार एकच: पात्र आलं की नटाचा आवाज लगेच वेष बदलतो. म्हातारा आला की थरथर, बाई आली की नाजूकपणा, खेडूत आला की कुठल्याच तालुक्यात न बोलली जाणारी ग्रामीण बोली. ऐकणाऱ्यावर त्यांचा विश्वास कमी पडतो.

उलट, आजच्या कुठल्याही तांत्रिक कसोटीवर अंतू बर्व्याची ध्वनिफीत नापास होईल. हशात काही शब्द बुडतात, पातळी वरखाली होते, मधेच कुणी खोकतं. परीक्षक काटेकोर असेल तर पहिल्या फेरीतच बाद.

आणि परीक्षक मी असलो तर माझाही एक गुण कापला जाईल, पण वेगळ्या कारणासाठी. तो फणसाचा दृष्टान्त. रत्नागिरीच्या माणसांना फणसाची उपमा देणारं ते शेवटचं वाक्य महाराष्ट्राला तोंडपाठ आहे, लग्नाच्या भाषणांत सुद्धा येतं. मला ते अनावश्यक वाटतं. विलायतेला निघालेल्या जावयाला निरोप द्यायला म्हातारा येतो, कोहिनूर बघून या म्हणतो, जाताना अंगाऱ्याची पुडी हातात ठेवतो. तिथे सगळं सांगून झालं. लेखक पु. लं.ना ते लिहून ठेवल्याशिवाय राहवलं नाही. वाचणाऱ्या पु. लं.नी ते गाळलं असतं तर चाललं असतं, कारण आवाजाने ते काम आधीच केलं होतं.

अर्जावर मी ‘साहित्यिक आणि अभिजात’ या रकान्यावर खूण करीन. ‘लेखकाने वाचलेलं’ हा रकानाही नियमात बसतो, पण तो लेखकाच्या नावाला मिळतो असा संशय येतो. ‘विनोदी’ मात्र कोरा सोडीन, आणि कुणी कारण विचारलं तर त्याला हापूसच्या झाडाचा तेवढा तुकडा लावून ऐकवीन.