टिपू-फ्रान्स युती : पर्यायी इतिहासातील संभाव्यतेचा प्रश्न

जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेत विश्वासराव गोळीतून बचावतात आणि पानिपतचा निकाल फिरतो. रणांगणावरील अशा कलाटणीस एक योगायोग पुरतो. युतीच्या कल्पनेस तो पुरत नाही. बलाढ्य सत्ता व लहान राज्य यांच्या युतीचा पर्यायी इतिहास रचताना हा भेद बहुधा नजरेआड होतो. टिपू सुलतान व फ्रान्स यांच्या युतीविषयीची कल्पनाचित्रे हे त्याचे ठळक उदाहरण होय.

अशा मांडणीचा भर नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेवर असतो. जानेवारी १७९९ मध्ये त्याने टिपूस लिहिलेले पत्र इंग्रजांच्या हाती पडले. ते श्रीरंगपट्टणला पोहोचते तर? पत्र पोहोचले असते. सैन्य कशातून येणार होते? नेल्सनने ऑगस्ट १७९८ मध्येच अबुकिरच्या उपसागरात फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडविला होता. त्याच वर्षी मॉरिशसचा गव्हर्नर मालार्तिक याने जाहीरनामा काढून स्वयंसेवक मागविले. मंगळूरला उतरली ती शंभराच्या आसपास माणसे. मदत नगण्य, गवगवा मात्र एवढा की वेलस्लीस युद्धाचे आयतेच निमित्त मिळाले.

खरी शक्यता शोधावयाची तर १७८२-८३ कडे वळले पाहिजे. तेव्हा युती प्रत्यक्ष मैदानात उतरलेली होती. सफ्रांचे आरमार इंग्रजांशी तुल्यबळ झुंज देत होते, त्रिंकोमाली फ्रेंचांनी घेतली होती, बुसी कडलूरला होता. जून १७८३ च्या अखेरीस युरोपातील तहाची वार्ता आली, फ्रेंचांनी शस्त्रे आवरली आणि मंगळूरच्या वेढ्यात टिपू एकाकी पडला. ही वार्ता काही महिने उशिरा येती, तर कडलूरपुढील इंग्रज फौज संकटात सापडती, हे अनुमान पुराव्याच्या कक्षेत बसते.

मात्र मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने पुणे दरबार आघाडीतून बाहेर पडत होता, हे विसरता येत नाही. नाना फडणिसांनी या तहाची मान्यता डिसेंबरपर्यंत, म्हणजे हैदर अलीच्या मृत्यूपर्यंत, लांबविली. आजचा अभ्यासक ज्या शक्यता तपासतो, त्या पुण्याचा कारभारी तेव्हाच तोलून पाहत असावा.

फ्रान्सची बाजू याहून लंगडी. १७८८ मध्ये टिपूचे वकील सोळाव्या लुईच्या दरबारी गेले. त्यांचा आदरसत्कार झाला, कारागीर मिळाले, लष्करी करार मिळाला नाही. तो मिळवून द्यावयाचा तर पर्यायी इतिहासकारास श्रीरंगपट्टणाआधी लुईच्या रित्या खजिन्यात फेरफार करावा लागेल.