श्रोत्यांचा आवाज आणि ‘अनघडपणा’चा निकष

कृष्णवर्णीय अमेरिकेची ओळख आपल्याला मुख्यतः छापील अक्षरांतून झाली. कविता वाचल्या, आत्मकथने वाचली. १९७२ साली दलित पँथरने नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पण तो समाज एकत्र जमल्यावर कसा बोलतो, कसा हसतो, गाणाऱ्याला कसे उत्तर देतो हे पुस्तकात सापडत नाही. ते प्रत्यक्ष मैफिलीत ध्वनिमुद्रित केलेल्या लाँगप्ले रेकॉर्डवर सापडते. अशा रेकॉर्ड ऐकण्यात एक आनंद आहे, आणि त्या आनंदाचा प्रश्न आपल्या समीक्षेच्या प्रश्नाशी अगदी लागून आहे.

सॅम कुक या गायकाच्या दोन रेकॉर्ड घ्या. कुक मूळचा चर्चमधला. ‘सोल स्टिरर्स’ या गॉस्पेल संचात गाऊन तो मोठा झाला, मग लोकप्रिय संगीताकडे वळला. १२ जानेवारी १९६३ च्या रात्री मायामीतल्या ‘हार्लेम स्क्वेअर क्लब’मध्ये आरसीए व्हिक्टर कंपनीने त्याचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित केला. हा क्लब ओव्हरटाऊनमध्ये, म्हणजे काळ्यांच्या वस्तीत होता. मायामी बीचच्या हॉटेलांत काळ्या कलावंतांनी गावे, पण मुक्कामाला मात्र ओव्हरटाऊनमध्येच यावे, असा त्या शहराचा रिवाज होता. (आपल्याला हा रिवाज समजावून सांगण्याची गरज नाही.) कंपनीने फीत ऐकली आणि ठेवून दिली. आवाज फार घोगरा, गर्दी फार अंगावर येणारी. गायकाची मुलायम प्रतिमा बिघडेल ही धास्ती. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, न्यूयॉर्कच्या ‘कोपाकबाना’तली त्याची रेकॉर्ड मात्र बाजारात आली. हा नाइट क्लब एकेकाळी काळ्या गिऱ्हाइकांना दारातूनच परत पाठवण्याबद्दल कुप्रसिद्ध होता. मायामीची रेकॉर्ड निघाली १९८५ साली. कुक डिसेंबर १९६४ मध्येच गोळी लागून मेला होता.

‘फॉर सेंटिमेंटल रीझन्स’ हे गाणे दोन्ही रेकॉर्डवर आहे. कोपात ते सफाईदार आहे. श्रोते गाणे संपेपर्यंत थांबतात आणि मोजून टाळ्या देतात. मायामीत तेच गाणे सुरू होते आणि सबंध हॉल त्याच्याबरोबर गाऊ लागतो. ‘ब्रिंग इट ऑन होम टू मी’च्या आधी तो गाण्याला हात न घालता एका टेलिफोनची गोष्ट गात-बोलत लांबवत नेतो, आणि माणसे वाक्यावाक्याला साद देतात. किंग कर्टिसचा सॅक्सोफोन त्यात मिसळतो. गळा खरखरतो, पण सूर सुटत नाही. ही गॉस्पेलची रीत आहे: चर्चमध्ये गायक एकटा गात नाही, मंडळी त्याला गाववतात. कंपनीच्या कानाला तो गोंगाट वाटला. माझ्या मते त्या रेकॉर्डचा निम्मा कर्ता तो गोंगाटच आहे.

दलित साहित्याला ‘आक्रस्ताळे’, ‘अनघड’, ‘प्रचारकी’ म्हणणाऱ्यांचे कान याच जातीचे होते. रसिकाने अलिप्त राहून आस्वाद घ्यावा हा निकष कोपातल्या टेबलांवरचा निकष आहे. तो तिथे खरा असेल. त्याने मायामी मोजू नये.

कोपाची रेकॉर्ड वाईट आहे असे मात्र नाही. तिथेही कुकचा गळा अप्रतिम लागला आहे. फक्त त्याला उत्तर मिळत नाही.

याच्या थोडे आधी, २४ ऑक्टोबर १९६२ रोजी, जेम्स ब्राऊनने न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरमध्ये असेच ध्वनिमुद्रण केले. ‘किंग’ कंपनीचा मालक सिड नेथन तयार नव्हता. जुनीच गाणी पुन्हा कोण विकत घेणार, असा त्याचा हिशेब. ब्राऊनने स्वतःचा पैसा घातला. १९६३ साली निघालेली ती रेकॉर्ड ‘बिलबोर्ड’च्या यादीत ६६ आठवडे टिकली. तिच्यातले ‘लॉस्ट समवन’ दहा मिनिटांहून मोठे आहे. मूळ तबकडीत ते पहिल्या बाजूला संपत नाही, दुसऱ्या बाजूवर पुढे जाते. ऐन गहिवरात उठून रेकॉर्ड उलटावी लागते, आणि बायकांच्या किंकाळ्या तोवर कानात राहतात. सुईच्या खरखरीचे कौतुक करणारे हल्ली पुष्कळ भेटतात. मला त्या खरखरीत काही रस नाही. तबकडीचा गुण वेगळा आहे. वीसेक मिनिटांची एक बाजू आपण सलग ऐकतो, गाणी वेचत बसत नाही. त्यामुळे दोन गाण्यांमधली माणसेही ऐकावी लागतात.

या माणसांची नक्कलही झाली. ब्राऊनच्याच १९७० च्या ‘सेक्स मशीन’ या जोड-तबकडीत स्टुडिओतल्या गाण्यांवर मागाहून गर्दीचा आवाज चढवला आहे. काही वेळ फसायला होते. मग लक्षात येते की ही गर्दी कशालाच उत्तर देत नाही. गायक काही करो, ती एकसारखी उकळत राहते.

ओव्हरटाऊनमधून १९६० च्या दशकात हमरस्ते काढले गेले आणि हजारो माणसे उठवली गेली. त्या वस्तीची एक रात्र या तबकडीवर शिल्लक आहे. दोन्ही रेकॉर्ड मिळाल्या तर आधी कोपा ऐकावी, मग मायामी. आणि मायामी ऐकताना ‘हॅविंग अ पार्टी’ हे शेवटचे गाणे लागल्यावर आवाज कमी करू नये, शेजारी काही म्हणोत.