भुताला किती खर्च येतो?

भुताचा चित्रपट काढायला फार पैसे लागत नाहीत, ही समजूत खरी आहे आणि या प्रकाराचे सर्वांत जास्त नुकसान तिनेच केले आहे. ऐतिहासिक पटाला फौज लागते, प्रेमपटाला ओळखीचे चेहरे लागतात. भुताला एक घर, एक रात्र आणि चार नट पुरतात. नट अनोळखी असले तर उलट बरेच, कारण नामवंत नट मध्यंतराआधी मरणार नाही हे प्रेक्षकाने पोस्टरवरूनच ओळखलेले असते. त्यामुळे थोडीफार पुंजी जमवलेला नवखा दिग्दर्शक हमखास या वाटेला लागतो. असे चित्रपट ढिगाने निघतात, आणि त्यांतले बहुतेक कोणाच्या लक्षातही राहत नाहीत.

यशाची म्हणून दोन उदाहरणे सतत दिली जातात. डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांचा 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' (१९९९) मेरिलँडमधल्या जंगलात जेमतेम आठवड्याभरात चित्रित झाला. मूळ चित्रीकरणाचा खर्च लाखभर डॉलरांच्याही आतला, आणि जगभरातली कमाई सुमारे २४.८ कोटी डॉलरांची. ओरेन पेली यांनी 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' सॅन दिएगोतल्या आपल्या राहत्या घरात सुमारे १५ हजार डॉलरांत उरकला. त्याने १९ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. आकडे खरे आहेत, पण गोष्ट अर्धीच सांगतात. पहिला चित्रपट सनडान्स महोत्सवात आर्टिझन कंपनीने ११ लाख डॉलरांना घेतला आणि जाहिरातीवर त्याच्या कितीतरी पट पैसा ओतला. दुसरा २००७ मध्ये महोत्सवात दाखवला गेला, तरी पॅरामाउंट स्टुडिओने हात देईपर्यंत, म्हणजे २००९ पर्यंत, तो सर्वसामान्य प्रेक्षकांपुढे आला नाही, आणि आला तोही शेवट बदलून. स्वस्त असते ते चित्रीकरण. प्रेक्षकाला थिएटरपर्यंत आणणे कधीच स्वस्त नसते, आणि हा भाग यशोगाथेतून सोयीस्कर गाळला जातो.

अर्थात नुसत्या जाहिरातीने भीती वाटत नाही. तिची घडण कशी होते, हे या दोघांच्याही अर्धशतक आधी हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओत सिद्ध झाले होते. तिथे व्हॅल ल्युटन या निर्मात्याला भयपटांचा विभाग दिला गेला, पण अटींसह: एका चित्रपटाला दीड लाख डॉलरांपेक्षा जास्त खर्च नाही आणि चित्रपटाचे नाव स्टुडिओ ठरवणार. 'कॅट पीपल' हे असेच हातात ठेवलेले नाव. काळ्या बिबट्यात बदलणारी बाई दाखवायची तर रंगभूषेवर पैसा जाणार आणि तरी ती हास्यास्पद दिसणार, हे ल्युटन आणि दिग्दर्शक झाक तूर्नर यांनी ओळखले. १९४२ च्या त्या चित्रपटात एक तरुणी रात्री तळघरातल्या तरणतलावात एकटी पोहते आहे. पाण्यावरून उसळणारा उजेड भिंतींवर आणि छतावर हलतो, कुठूनतरी गुरगुर ऐकू येते, एक सावली सरकते. एवढेच. या प्रसंगाला पाणी, दिवा आणि आवाज यांपलीकडे काही लागलेले नाही. दुसऱ्या एका प्रसंगात रस्त्यावर दोघींच्या टाचांचा आवाज येत असतो, मग एकीच्याच पावलांचा उरतो, आणि ताण टोकाला गेला की फुस्स करून बस येऊन थांबते. अशा फसव्या दचक्याला चित्रपटवाले आजही 'ल्युटन बस' म्हणतात.

यातून 'न दाखवणे म्हणजे भीती' असा सोपा धडा काढला गेला, आणि तो चुकीचा आहे. काहीच न दाखवणारे रटाळ भयपट शेकड्यांनी आहेत. अंधाऱ्या पडद्यावर अंधारच दिसतो. तिथे काहीतरी असू शकते, असे चौकटीने आधी कबूल करावे लागते. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'तला शयनगृहाचा शॉट यासाठी बारकाईने पाहण्यासारखा आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर. एका बाजूला पलंगावर झोपलेले जोडपे, दुसऱ्या बाजूला उघडे दार आणि त्यापलीकडचा काळोखा पॅसेज. कोपऱ्यात घड्याळाचे आकडे भराभर पळत असतात. ते एकदम नेहमीच्या वेगावर आले की प्रेक्षकाला कळते, आता काहीतरी होणार. दार चार बोटे हलते आणि पुन्हा जागेवर येते. त्या रात्री इतकेच घडते. त्यानंतर प्रत्येक रात्री तीच चौकट नुसती उघडली तरी प्रेक्षागृहात चुळबुळ सुरू होते, कारण नजर आपोआप दाराकडे जाते. पुढे एका रात्री नायिका उठून पलंगाशेजारी प्रियकराकडे पाहत उभी राहते आणि आकडे तास-दोन तास पुढे पळतात. या शॉटवर एक पैचाही जादा खर्च नाही. फक्त घड्याळ आहे, आणि सवय लावून ती मोडण्याचा हिशेब आहे.

इथेच स्वस्त चित्रपट जिंकतो किंवा हरतो. पैशाची चणचण कथेचा भाग झाली तर ती चणचण राहत नाही. 'ब्लेअर विच'मधले चित्रण हलते आणि खरखरीत आहे, कारण कथेतली विद्यार्थीमंडळीच माहितीपट करायला गेली आहेत आणि नटांनी खरोखर स्वतःच कॅमेरे चालवले आहेत. रॉब सॅव्हेज यांचा 'होस्ट' (२०२०) टाळेबंदीत व्हिडिओ-कॉलवर घडतो. कलाकार आपापल्या घरात, दिवे आणि कॅमेरा त्यांनीच लावलेले, लांबी तासाभराहून कमी. कॉल थांबला की चित्रपट संपतो. याउलट नकली 'सापडलेल्या फिती'च्या, म्हणजे पात्रांनीच टिपल्याचा आव आणणाऱ्या, चित्रपटांत माणूस जिवाच्या आकांताने पळतानाही कॅमेरा का धरून ठेवतो याचे उत्तर नसते, कोणाच्याच हातात नसलेल्या कोनातून शॉट येतात आणि जंगलात व्हायोलिने वाजू लागतात. प्रेक्षक गरिबी खपवून घेतो, लबाडी नाही.

जागेचेही तसेच आहे. कॅन्ससमध्ये औद्योगिक आणि शैक्षणिक लघुपट करणाऱ्या हर्क हार्वे यांनी युटातल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठचा सॉल्टेअर हा ओसाड मनोरंजन-महाल पाहिला आणि त्याभोवती 'कार्निव्हल ऑफ सोल्स' (१९६२) रचला. खर्च सुमारे ३३ हजार डॉलर. सेट उभारून असा महाल कधीच परवडला नसता. नायिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी असल्याने संगीतही तिच्या पेशातूनच येते. संवाद काही ठिकाणी ओठांशी जुळत नाहीत, पण या बाईचे जगाशीच जुळत नसल्याने तो दोषही भुताटकीत जमा होतो. चित्रपट तेव्हा आपटला. त्याचे मोल कळायला पंचवीसेक वर्षे गेली.

ध्वनीच्या बाबतीत मात्र अशी नशिबाची साथ क्वचित मिळते. धूसर चित्र प्रेक्षक चालवून घेतो, घुसमटलेला संवाद नाही. तरीही तुटपुंज्या बजेटात पहिली कात्री ध्वनीलाच लागते आणि उणीव भरायला तयार पार्श्वसंगीताचा दणका दिला जातो. दचकवणे फार सोपे आहे. मागून कोणी टाळी वाजवली तरी माणूस दचकतो. घरी गेल्यावर दिवा मालवायला हात कचरावा, हे त्याहून अवघड काम. शरीराची हालचालही आवाजाइतकीच स्वस्त आणि तितकीच दुर्लक्षित. हिदेओ नाकाता यांच्या जपानी 'रिंगू' (१९९८) मध्ये सादाको विहिरीतून वर येऊन चालते ती चाल पाहताना अंगावर काटा येतो, पण नेमके काय खटकते ते सांगता येत नाही. युक्ती जुनीच होती. काबुकीचे शिक्षण घेतलेल्या नटीला उलट चालायला लावले आणि फीत उलटी फिरवली.

भुताला नियम हवा, हे सगळ्यात कमी खर्चाचे आणि सर्वाधिक मोडले जाणारे पथ्य. मराठी मुलुखातल्या जुन्या समजुती या बाबतीत कोणत्याही पटकथाकारापेक्षा काटेकोर आहेत. मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधी मेला तो मुंजा, वस्ती पिंपळावर. बाळंतपणात गेलेली ती हडळ. चकवा वाटसरूला मारत नाही, रात्रभर त्याच जागी फिरवत ठेवतो. भूत कोण, कुठले, काय मागते, कशाला भिते हे ठरलेले असल्यामुळे ऐकणाऱ्याला धोका कुठून येणार ते ठाऊक असते, आणि भीती त्या ठाऊक असण्यातूनच येते. 'ब्लेअर विच'मधली तिघे दिवसभर एकाच दिशेला चालून संध्याकाळी सकाळच्याच ओंडक्यापाशी येतात. कोकणातल्या माणसाला तो चकवा आहे हे सांगावे लागत नाही. पडणाऱ्या चित्रपटांतले भूत पटकथेला गरज पडेल तेव्हा भिंतीतून जाते, तेव्हाच दाराशी अडते, आणि शेवटी एका मंत्राने विझते.

पैसा आल्यावर नेमका हाच संयम सुटतो. 'ब्लेअर विच'चा दुसरा भाग दीड कोटी डॉलरांत झाला आणि पहिल्याच्या कमाईच्या पाव हिश्श्यापर्यंतही पोचला नाही. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'च्या २०१५ च्या भागाने खास कॅमेऱ्यातून प्रत्यक्ष आत्माच दाखवला. तोवरच्या मालिकेत सर्वांत कमी कमाई त्याचीच. जेसन ब्लम यांच्या ब्लमहाउस या निर्मिती कंपनीने हे ओळखून धंद्याचे गणितच बांधले: जागा मोजक्या, बोलणारी पात्रे मोजकी, मानधन कमी पण नफ्यात वाटा, आणि दिग्दर्शकाला मोकळीक. १५ लाख डॉलरांचा 'इन्सिडियस' (२०१०) सुमारे १० कोटींवर गेला. अमेरिकी भयपटांत इतकी पछाडलेली घरे का, याचे एक गद्य उत्तर असे की घर भाड्याने स्वस्त पडते.

भारतात हा धंदा रामसे बंधूंनी मांडला. 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) साडेतीन लाख रुपयांत, महाबळेश्वरला मुक्काम ठोकून, सुमारे चाळीस दिवसांत पुरा झाला. तुलसी आणि श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, कुमार लेखनाला. पगाराचा प्रश्नच नाही. 'पुराना मंदिर' (१९८४) मधल्या सामरी या सैतानासाठी त्यांना अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि चेहरा मिळाला, आणि रंगभूषेचा मोठा खर्च वाचला. त्यांच्या चित्रपटांतले धुके, वाडे आणि करकरणारी दारे आजही लक्षात आहेत. त्यांना बुडवले ते मध्येच घुसणाऱ्या विनोदी उपकथानकांनी आणि गाण्यांनी: वीस मिनिटे जमवलेला ताण एका ठुमक्यात विरतो. वितरकांना हे सगळे लागत असे, ही सबब खरी असली तरी पुरी नाही. विकास देसाई आणि अरुणा राजे यांच्या 'गहराई'ने (१९८०) विजय तेंडुलकरांच्या लेखणीच्या साह्याने एका मध्यमवर्गीय घरातली पछाडलेली मुलगी गांभीर्याने दाखवली. श्रीराम लागू यांच्या बापाची हतबलता तिथे कोणत्याही राक्षसापेक्षा जास्त घाबरवते.

मराठीत भूत बराच काळ विनोदाच्या आश्रयाने राहिले. 'झपाटलेला' (१९९३) आणि 'पछाडलेला' (२००४) यांनी प्रेक्षक हसवले, घाबरवले थोडेच. विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७ मध्ये प्रदर्शित) हा या परंपरेतला ठळक अपवाद. पात्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि मुख्य जागा उसाचा फड. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाच्या रोजच्या पाहण्यातले हे पीक डोक्याच्या वर वाढले की चार हातांवरचा माणूस दिसत नाही, हे दिग्दर्शकाने अचूक हेरले आणि भीती भर उन्हात उभी केली. पूजा सावंत यांची गरोदर नायिका आणि उषा नाईक यांची तुळसाबाई यांच्यातला ताण बराच काळ कशाचाही खुलासा न करता टिकतो. उत्तरार्धात स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा तोंडाने सांगितला जातो तेव्हा पकड सैल होते. दिसलेले पुन्हा ऐकवण्याची ही खोड मराठी चित्रपटाला फार जुनी आहे.

मराठीत असे चित्रपट विरळ आहेत याला कथांचा तुटवडा हे कारण देता येणार नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा आणि गूढकथांचे कपाटभर साहित्य लिहून ठेवले आहे आणि त्यातले बरेचसे दोन-तीन पात्रांत, एका घरात घडणारे आहे. त्याचा वारसा सांगणारा सर्वांत गाजलेला चित्रपट राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' (२०१८). कोकणच्या पावसावर उभा राहिलेला हा चित्रपट पहिल्या प्रदर्शनात फारसा चालला नाही आणि २०२४ च्या पुनःप्रदर्शनात पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला. तो हिंदीत आहे. आदित्य सरपोतदार यांचा कोकणातला 'मुंज्या' (२०२४), ज्यातले भूत सगळे संगणकावर घडवलेले आहे, तोही हिंदीत. 'लपाछपी' फुरियांनीच २०२१ मध्ये 'छोरी' या नावाने पुन्हा केला आणि त्याचा पुढचा भाग २०२५ मध्ये आला, तो हिंदीतच.